झोपून न जाणारा थकवा

दिवाळीच्या सुट्टीत भरपूर झोपूनही कॉलेज उघडायच्या दिवशी अंगात तीच मरगळ असेल, तर ती झोपेनं जाणारी नाही. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, आणि आजूबाजूच्या स्टाफरूममध्ये तीच मरगळ रोज बघते म्हणून हे लिहायला बसले.

मी भूगोल शिकवते, छत्रपती संभाजीनगरातल्या एका अनुदानित कॉलेजात. नोकरीला वीसेक वर्षं झाली. आमच्या वर्गातली बरीच लेकरं फुलंब्री, खुलताबाद, गंगापूर, पैठणकडच्या खेड्यांतून एसटीनं येतात. काही जण पहाटे डेअरीवर दूध घालून येतात. अशा मुलाला पहिल्यांदा नकाशावर स्वतःचं गाव सापडतं, गावाचा ओढा सापडतो, ओढ्यापलीकडची टेकडी सापडते, तेव्हा त्याचा चेहरा बघावा. त्या चेहऱ्यासाठी मी इतकी वर्षं शिकवत आले. मग एका सेमिस्टरला असं होऊ लागलं की मुलं शंका विचारायला विभागात यायची आणि मला वाटायचं, आता ही जावीत. तास वेळेवर होत होते, पोर्शन पूर्ण होत होता, पण मी त्यात नव्हते. पेपर तपासताना एकच उत्तर पुन्हा पुन्हा वाचायचे तरी डोक्यात शिरायचं नाही. रविवारची दुपार झाली की सोमवारचं ओझं छातीवर यायचं. रक्त तपासून घेतलं. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, सगळं जागेवर. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आजार काही नाही."

डॉक्टरांचं बरोबर होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची नोंद केली आहे, ती आजार म्हणून नाही, तर नोकरीशी जोडलेली अवस्था म्हणून. २०१९ साली त्याची व्याख्या नेमकी केली गेली. कामावरचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही की ही अवस्था येते आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्याच्या कितीतरी आधी, १९८१मध्ये, क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी हे मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली होती, तीही माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्या डोळ्यांपुढे ठेवून. हे वाचलं आणि मला हायसं वाटलं. मुलं नकोशी होणं हा माझ्या स्वभावात झालेला बिघाड नव्हता; त्या तीन खुणांमधली ती दुसरी होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्राध्यापकाला काय, दिवसाला दोन-तीन तास घ्यायचे आणि वर सुट्ट्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला कमीत कमी ४० तास आणि वर्षाला ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस असा आहे. त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहायक प्राध्यापकाला १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४. आकडे रास्त आहेत. पण ४० ही खालची मर्यादा आहे. शिकवून उरलेल्या वेळात काय काय बसवायचं, त्याला अंत नाही.

प्रवेशाच्या दिवसांत मुलांना विषय निवडून द्यायचे. इंटर्नल, प्रॅक्टिकल, सुपरव्हिजन. मूल्यांकन केंद्रावर जाऊन गठ्ठे तपासायचे, गुण पोर्टलवर भरायचे, भरलेले पुन्हा ताडून बघायचे. २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट, आणि या सगळ्याचं वेळापत्रक. धोरणात मला पटणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण नवा अभ्यासक्रम म्हणजे नव्यानं तयारी, आणि जुन्या अभ्यासक्रमाची वरची वर्षं तेव्हा चालूच होती. नॅकचंही तसंच, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं. ठरलेले निकष, दरवर्षी एक्यूएआर हा वार्षिक गुणवत्ता अहवाल, मूल्यांकनाची फेरी आली की एसएसआर हा कॉलेजानं स्वतःबद्दल लिहायचा अहवाल. नॅकमुळे आमच्या ग्रंथालयाचं रूप बदललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण कार्यक्रम अर्ध्या तासाचा, आणि त्याची सूचना, उपस्थितीच्या सह्या, जिओटॅग केलेले फोटो, अहवाल, फीडबॅक आणि फाईल यांत दोन संध्याकाळी जातात. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की हेच काम उरलेल्या चार-पाच जणांवर येतं. रात्री साडेदहाला ग्रुपवर निरोप येतो, 'माहिती उद्या सकाळी अकरापर्यंत पाठवावी.' वाचला नाही तरी तो फोनमध्ये आहे हे माहीत असतं, आणि त्यावर झोप येत नाही.

या सगळ्यात थकतं काय, याचा मी कधी विचारच केला नव्हता. थकतात डोळे, घसा, मान आणि डोकं. बाकीचं शरीर दिवसभर बेकार असतं. खुर्चीत बसून फाईल करायची, दुचाकीवरून घरी यायचं, परत लॅपटॉपपुढे बसायचं. सहकारी मैत्रिणी म्हणतात, "आपण तर तासाला उभ्याच असतो, आपल्याला वेगळा व्यायाम कशाला?" मीही हेच धरून चालले होते. पण एका जागी उभं राहणं म्हणजे हालचाल नाही. पायांतलं रक्त वर ढकलायला पोटरीचे स्नायू आकसावे लागतात, आणि ते आकसतात पाऊल टाकलं की. फळ्यापाशी उभं राहून रक्त खालीच साचतं. संध्याकाळी चपलेचे वळ पायावर उमटतात, सुजतात पाय, नसा वर येतात. आमच्या पेशातल्या किती बायकांच्या पोटऱ्यांवर त्या निळ्या नसा आहेत, ते साडीमुळे दिसत नाही इतकंच.

मला हे सांगितलं आमच्या क्रीडा संचालकांनी. बहुतेक कॉलेजांत हे पद असतं, मैदान असतं, जिमखान्याची खोली असते, आणि शिक्षकांपैकी तिकडे कुणी फिरकत नाही. हा माणूस मुलींचा कबड्डीचा संघ तयार करतो, प्रत्येकीच्या गुडघ्याची त्याला काळजी, आणि आम्ही त्याला ओळखायचो ते २६ जानेवारीच्या संचलनापुरतं. एकदा सुपरव्हिजनला आम्ही एकाच हॉलवर होतो. मी भिंतीला टेकले होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही दमलात ते बसून. आता टाचा उचला. दहादा वर, दहादा खाली. कुणाला कळणारही नाही." मी उचलल्या. पोटऱ्यांत कळ आली, आणि फार दिवसांनी पायांची जाणीव झाली.

पुढे त्यांनीच थोडं थोडं शिकवलं. दहा हजार पावलांचा आकडा डोक्यात घेऊ नका, म्हणाले. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही सांगितलं आहे. सरांनी त्याचं भाषांतर माझ्यापुरतं केलं: खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीवर जोर काढणं, जिने चढणं. उपकरण काही नाही. आणि एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की तिच्यामुळेच माझं चालणं टिकलं. "घरी पोचायच्या आधी चाला. घरी गेलात की गेलात."

ज्या बायकांनी नोकरी केली आहे त्यांना यातलं खरेपण सांगायला नको. पहाटे उठून फिरायला जा, हा सल्ला पुरुषांनी पुरुषांना दिलेला आहे. सहा वाजता आमच्या गॅसवर भाजी असते, साडेसहाला डबे भरायचे असतात, सासूबाईंची सकाळची गोळी नाश्त्यानंतरची असते. संध्याकाळी दारात चप्पल काढली की पुन्हा घालून बाहेर पडणं होत नाही. म्हणून मी शेवटचा तास संपल्यावर पर्स विभागातल्या कपाटात ठेवून, बूट घालून, थेट मैदानावर जाऊ लागले. पंजाबी ड्रेस आणि खाली बूट. पहिले काही दिवस मुली बघायच्या. मग त्याच म्हणू लागल्या, "मॅडम, हात हलवा हात."

सुरुवातीच्या आठवड्यांत मांड्या आणि पोटऱ्या भरून यायच्या. पण त्या थकव्याची जात वेगळी होती. तो जेवल्यावर आणि झोपल्यावर जायचा. सकाळी तो नसायचा. शरीर वापरून आलेला थकवा आणि डोकं पिळून आलेला थकवा मी आयुष्यभर एकच समजत होते, आणि दोन्हींवर पडून राहणं हाच एक उपाय करत होते.

रविवारी टेकडी सुरू झाली. आमच्या शहराचं हे भाग्य आहे की डोंगर दाराशी आहेत. विद्यापीठाच्या मागे, बीबी का मकबऱ्याच्या वरच्या अंगाला हनुमान टेकडी आणि गोगाबाबा टेकडी, त्याच रांगेत औरंगाबाद लेणी. रविवारी सकाळी गोगाबाबावर निम्मं शहर असतं: बँकेतले, वकील, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, नातवाला घेऊन आलेले आजोबा. बायकाही गटागटानं असतात, त्यामुळे एकटीनं गेलं तरी एकटं वाटत नाही.

आणि इथे माझा विषय मला पायांनी भेटला. आमच्या भागाचा टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, ४७ एम/५. प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटर उंचीचा फरक. 'रेषा जवळ जवळ आल्या की चढ तीव्र', हे वाक्य मी किती बॅचना फळ्यावर लिहून दिलं असेल. आता ते २० मीटर चढायला किती श्वास लागतात ते मला ठाऊक झालं. हा सगळा दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. म्हणून टेकडीचा उतार सरळ नसतो. एक कडक चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ. माझ्यासारख्या नवख्या माणसाला हे फारच सोयीचं. छाती धपापायला लागेपर्यंत सपाटी येते, श्वास जागेवर येईपर्यंत पुढचा चढ. सपाटीवर थांबून मी दगड बघते. पोकळ्यांमध्ये भरलेली पांढरी स्फटिकं दिसतात, झिओलाइट या खनिजाची. वर पोचलं की मकबऱ्याचा घुमट खाली, समोर शहर, दक्षिणेला सातारा डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर देवगिरीचा उभा कडा.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आता इथे आणते. एका हातात टोपोशीटची छायाप्रत, दुसऱ्यात पाण्याची बाटली. "आता आपण कितव्या रेषेवर आहोत?" असं विचारलं की सगळे खाली बघतात, मग नकाशात बघतात, मग भांडतात. पूर्वी क्षेत्रभेट म्हणजे बस ठरवणं, परवानगी, अहवाल यांमुळे ती मला नकोशी झाली होती. ही भेट शहरातल्या शहरात होते. आणि हो, मुलांचे ते चेहरे मला पुन्हा दिसू लागले आहेत.

वजन थोडं उतरलं, पण आधी जाणवलं ते वेगळंच. चालताना फोन पर्समध्ये, पर्स कपाटात. म्हणजे तेवढा वेळ कॉलेज माझ्यापर्यंत पोचू शकत नव्हतं. झाबिने झोनेन्टाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत. कामाबाहेरच्या वेळात माणूस कसा सावरतो याचा त्यांनी अभ्यास केला आहे. २००७मध्ये त्यांनी शार्लट फ्रिट्झ यांच्यासह सावरण्याचे चार मार्ग मांडले: मनानं कामापासून दूर होणं, शिथिल होणं, काही नवं जमायला लागल्याचा अनुभव, आणि त्या वेळावर आपला ताबा. सोफ्यावर पडून मोबाइल बघताना यातलं मला काहीच मिळत नव्हतं, कारण त्याच मोबाइलवर कॉलेजचे ग्रुप होते. मैदानावर चारही मिळू लागले.

मग अंगात थोडी धुगधुगी आल्यावर एक दिवस मी प्राचार्यांकडे गेले आणि सांगितलं की नॅकच्या दोन निकषांची जबाबदारी माझ्याकडे आहे, ती एकाच निकषाची करा. आवाज चढवला नाही, रडू आलं नाही. त्यांनी ऐकलं आणि काम वाटून दिलं. वर्षभरापूर्वी हे बोलायची माझ्यात ताकद नव्हती. अत्यंत दमलेला माणूस नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणून पुढे जे बोलावं लागतं त्याचीच त्याला धास्ती असते. त्यामुळे व्यायामानं काम कमी होतं असं मी म्हणणार नाही, पण काम कमी करून मागण्याइतका जोर मला तिथूनच मिळाला.

यापुढचं मला कळकळीनं सांगायचं आहे. चालण्यानं सगळं सुटतं, असं कुणी म्हणू नये. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस कामावर का करपतो याची सहा क्षेत्रं सांगितली आहेत: कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांचं नातं, न्याय, आणि मूल्यं. यांतल्या एकाचीही दुरुस्ती मैदानाच्या फेऱ्या मारून होत नाही. व्यायामाचा हात लागतो तो थकव्याला. अन्यायाला नाही.

आमच्या विभागात तासिका तत्त्वावर काम करणारे एक सर आहेत. नेट झालेले, पीएचडी झालेले, वर्गात माझ्याइतकंच, कधी कधी माझ्याहून चांगलं शिकवतात. सकाळी आमच्याकडे, दुपारी तालुक्याच्या गावी दुसऱ्या कॉलेजात. मधलं अंतर मोटारसायकलवर, मार्च-एप्रिलच्या उन्हात. पैसे घेतलेल्या तासाचे, सुट्टीचे नाहीत. पाठ कायम धरलेली. त्यांना 'सर, तुम्ही चालायला लागा' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या पाठीला लागणारं औषध म्हणजे रिकामी पडलेली जागा भरणं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत असे हजारो जण आहेत, आणि प्राध्यापकांच्या आरोग्यावर जेव्हा जेव्हा चर्चासत्र होतं तेव्हा व्यासपीठावर आम्ही पूर्ण पगारवालेच असतो. हे मला फार लागतं.

म्हणून मी आमच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, बैठकीत जे मांडलं ते साधं होतं. आठवड्यातल्या एका दिवशी शेवटच्या तासिकेनंतर बैठक, वेबिनार, कार्यशाळा काहीही ठेवायचं नाही, आणि त्या वेळी मैदान, जिमखाना सगळ्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना खुला ठेवायचा, तासिका तत्त्वावरच्यांनाही. रात्री आठनंतर ग्रुपवर कामाचा निरोप नाही, परीक्षेचं काही अगदी तातडीचं असेल तेवढं सोडून. आणि या उपक्रमाचा अहवाल नाही, फोटो नाही, प्रमाणपत्र नाही, उपस्थितीची सही नाही. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "अहो मॅडम, चांगलं काम आहे, दाखवायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, "सर, दाखवायचं ठरलं की कुणीतरी रात्री बसून ती फाईल करणार, आणि तो माणूस चालायला येणार नाही." त्यांनी मान्य केलं. बुधवार ठरला. आठचा नियम अजून पूर्ण पाळला जात नाही, पण नऊ-साडेनऊनंतर आता खरंच शांतता असते.

बुधवारी दहा-बारा जण येतात. ग्रंथपाल मॅडम येतात, कार्यालयातले हेडक्लार्क येतात, प्रयोगशाळा सहायक मामा तर सगळ्यांच्या पुढे असतात. नियम एकच, चालताना कॉलेजचा विषय काढायचा नाही. तो पाळायला सुरुवातीला फार जड गेलं. आम्हाला एकमेकांशी दुसरं काही बोलताच येत नव्हतं. आता कांद्याचे भाव, मुलांची लग्नं, कुणाच्या शेतातली मोसंबी असं सगळं निघतं. इतकी वर्षं एकाच जिन्यानं ये-जा करूनही हेडक्लार्क साहेब बासरी वाजवतात हे मला माहीत नव्हतं.

ज्यांना टेकडीवर यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. मार्च अर्धा सरला की सूर्य वर येण्याआधी चढायला लागा, आठनंतर दगड तापतो. पायात चप्पल नको, बूट हवेत. चढताना दम लागतो पण गुडघे दुखतात ते उतरताना, म्हणून उतरताना पावलं लहान टाका आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा चढावर छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात वरचा मुरूम आणि शेवाळलेला दगड दोन्ही निसरडे होतात. ते दोन-तीन महिने मी मैदानावरच चालते.